नावाची बखर आणि वहीचा पुरावा

शाळेच्या स्मरणिकेत जुन्या शिक्षकाने आठवणी सांगाव्यात, अशी वाचकांची अपेक्षा असते. वसतिगृहातील पहाटेची वंदना, भोजनगृहातील पंगती, पहिल्या तुकडीचे निकाल यांविषयी आमचे सहकारी लिहितीलच. आम्ही मात्र या पानांवर एका प्रश्नाचा विचार मांडू इच्छितो. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी काहींना दरवर्षी कायद्याच्या शिक्षणाची ओढ लागते. त्याचे कारण सांगायला नको. ज्या समाजाला शतकानुशतके न्याय मागण्याचीही मुभा नव्हती, त्या समाजाच्या घराघरांत आज संविधानाच्या शिल्पकाराची तसबीर आहे. त्या तसबिरीखाली वाढलेल्या मुलीला वकील व्हावेसे वाटले, तर नवल नाही. मग बारावीचा निकाल आणि सीईटीचे गुण हाती आले की तिचे आईवडील आमच्याकडे येतात आणि विचारतात, "सर, पोरीला वकिलीला घालायचं आहे. कॉलेज कोणतं चांगलं?"

या प्रश्नातील 'चांगलं' हा शब्द आम्हांस नेहमी थांबवतो. विचारणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ बहुधा 'नावाजलेले' असा असतो. नावाजलेले म्हणजे चांगले शिकवणारे, हे त्यांनी आणि आपण सर्वांनी गृहीत धरलेले असते. हे गृहीतक तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक धडा लवकर शिकावा लागतो. घटनेनंतर कित्येक वर्षांनी, कोणाच्या तरी आश्रयाने लिहिलेली बखर वाचायला रसाळ असते. पण केवळ तिच्यावर विसंबून निष्कर्ष काढायचा नसतो. त्याच काळातले एखादे साधे पत्र, महसुलाची नोंद, कर्जरोखा असे रूक्ष कागद बखरीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतात, कारण ते कोणाची कीर्ती गाण्यासाठी लिहिलेले नसतात. महाविद्यालयाचे नाव ही आमच्या मते बखरच होय. ती सर्वस्वी खोटी नसते. मात्र ती कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे रचली, हे विचारल्याशिवाय तिच्यावर मुलीच्या आयुष्याची पाच वर्षे लावू नयेत.

हे नाव होते कशाने? काही संस्थांना वयाचा मान असतो. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचे, पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ सालचे. पण वय हेच नावाचे कारण म्हणावे, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठे २०१४ च्या कायद्याने अस्तित्वात आलेली. तरीही त्यांचे नाव आज गावोगावी पोहोचले आहे. त्यांच्या नावामागे मुख्यतः प्रवेशाची चाळण आहे. क्लॅट परीक्षेत वरचे गुण मिळवलेली मुले तेथे जातात, म्हणून ती संस्था मोठी. आणि संस्था मोठी, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तशीच मुले तेथे जातात. हे चक्र एकदा फिरू लागले की आपोआप फिरत राहते. प्रवेशाच्या गुणांवरून आत कोण गेले हे कळते. आत गेल्यावर त्यांना काय शिकवले गेले, हे त्यावरून कळत नाही. हुशार मुले शिक्षक असो वा नसो, एकमेकांच्या संगतीने पुष्कळ शिकतात आणि त्यांच्या यशाचे श्रेय संस्थेच्या खात्यावर जमा होते.

सरकारी क्रमवारीने हा पेच सुटेल असे काहींना वाटते. एनआयआरएफच्या क्रमवारीत २०१८ पासून विधी शिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. तिच्यात अध्यापनाला गुण आहेत. पण ते मोजताना शिक्षकांची संख्या, त्यांच्या पीएच.डी. पदव्या, अनुभव आणि खर्च असे आकडे धरले जातात. शिवाय लोकांच्या मनातील संस्थेची प्रतिमा हाही तिच्यात एक स्वतंत्र निकष आहे. म्हणजे ज्या नावाची परीक्षा करायची, त्या नावालाच पुन्हा गुण. ही क्रमवारी निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. शिक्षक किती आहेत हे तिच्यावरून कळते. मंगळवारी सकाळी दहा वाजता तो शिक्षक वर्गात काय करतो, हे मात्र कळत नाही.

येथे एक सत्य प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. नावाला किंमत असते आणि आपल्या मुलांसाठी ती कधीकधी फार मोठी असते. ज्याच्या घरी कोणी वकील नाही, ओळखीचा कोणी न्यायाधीश नाही, त्याच्याजवळ महाविद्यालयाचे नाव हेच एकमेव शिफारसपत्र असते. मोठ्या शहरांतील कंपन्यांची कामे पाहणाऱ्या विधी संस्था निवडीसाठी मोजक्याच विद्यापीठांत जातात, हे उघड आहे. ज्या मुलीला त्या मार्गाने जायचे आहे, तिने नावाकडे पाठ फिरवावी असा उपदेश करणे हा शहाणपणा नव्हे.

परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. वकिलाच्या घरातला मुलगा कोणत्याही महाविद्यालयात गेला, तरी त्याचे खरे शिक्षण वडिलांच्या कार्यालयात होत असते. दावा कसा लिहावा, तारीख कशी मागावी, साक्षीदाराला काय विचारू नये, हे तो जेवताना ऐकतो. वर्गात जे शिकवले गेले नाही, ते त्याला घरी मिळते. शेतमजुराच्या, सफाई कामगाराच्या किंवा वीटभट्टीवरच्या आईबापांच्या मुलीला मात्र वर्गात जे मिळाले नाही, ते दुसरीकडे कोठेच मिळत नाही. म्हणून अध्यापनाचा दर्जा ही संपन्नांसाठी सोय असेल; आपल्यासाठी ती मूळ गरज आहे. नाव दारापर्यंत नेते. दार उघडल्यावर समोरच्या अशिलाचा अर्ज लिहायचा असतो आणि तो लिहिताना नाव हातात लेखणी धरत नाही.

बाबासाहेबांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन ही तीन थोर नावे आपण भाषणांत अभिमानाने उच्चारतो. पण १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत त्यांनी आपल्या विद्यापीठाची आठवण लिहिली, तेव्हा त्यांच्या मनात इमारती नव्हत्या. त्यांनी आपले सहाध्यायी आठवले आणि जॉन ड्युई, शॉटवेल, सेलिगमन, रॉबिन्सन या प्राध्यापकांची नावे घेतली. विद्यापीठ म्हणजे त्यांच्या लेखी शिकवणारी आणि सोबत शिकणारी माणसे होती.

शिक्षक म्हणूनही त्यांचा अनुभव हेच सांगतो. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. या नव्या प्राध्यापकाकडे विद्यार्थ्यांनी प्रारंभी विशेष लक्ष दिले नाही; पुढे मात्र त्यांची व्याख्याने ऐकण्यासाठी इतर महाविद्यालयांचे विद्यार्थीही येऊन बसू लागले, असे चरित्रकार सांगतात. जातीने आधीच ठरवून ठेवलेली प्रतिष्ठा एकीकडे आणि वर्गात घडणारे अध्यापन दुसरीकडे. शेवटी जिंकले ते अध्यापन. १९३५ साली ते शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि तेथे असतानाच, १९३६ मध्ये, महाविद्यालयाच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेविषयी निबंध लिहिला. इलाख्यातील सर्वांत प्रतिष्ठित विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी बसलेल्या माणसालाही तेथील शिक्षण सुधारण्याजोगे वाटत होते, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे १९५६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले, तेव्हा त्या महाविद्यालयाला जुने नाव कोठून असणार? पहिल्या विद्यार्थ्यांनी नावाचा आधार न घेताच तेथे प्रवेश घेतला.

तर मग बखर बाजूला ठेवून अस्सल कागद कोठे शोधायचा? आमचे उत्तर आहे, शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याच्या वहीत. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनी अभ्यासक्रमात चार प्रात्यक्षिक विषय अनिवार्य केले आहेत. मसुदालेखनाच्या विषयात प्रत्येक विद्यार्थ्याने दावे, अर्ज, तक्रारी अशा मसुद्यांचे १५ आणि खरेदीखत, गहाणखत अशा दस्तऐवजांचे १५ सराव लिहायचे असतात. अभिरूप न्यायालयाच्या विषयात प्रत्यक्ष युक्तिवादाबरोबर एका दिवाणी आणि एका फौजदारी खटल्याची सुनावणी न्यायालयात बसून पाहायची आणि तिची नोंद ठेवायची असते. वकिलाच्या कार्यालयात अथवा विधी साहाय्य केंद्रात अशिलाच्या दोन मुलाखती पाहून त्यांचीही दैनंदिनी लिहायची असते. प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे द्यावे लागतात. हा नियम सर्वांत नावाजलेल्या विद्यापीठाला आणि जिल्ह्याच्या गावातील साध्या महाविद्यालयाला सारखाच लागू आहे. म्हणून तुलनेसाठी याहून चांगली फूटपट्टी नाही.

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी प्रवेशापूर्वी महाविद्यालयात जावे, शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठावे आणि त्यांच्या वह्या पाहायला मागाव्यात. कायदा कळण्याची आवश्यकता नाही. केवळ अक्षर वाचता येणारा बापही काही गोष्टी ओळखू शकतो. सगळ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत तोच मजकूर शब्दशः उतरला आहे काय? शिक्षकाने लाल शाईने कोठे काही खोडले, काही सुचवले आहे, की शेवटच्या पानावर एकाच दिवशी सगळ्या सह्या झाल्या आहेत? खटल्याच्या नोंदीत न्यायालयात प्रत्यक्ष बसल्याच्या खुणा दिसतात, की गाईडमधील उतारा आहे? ज्या वहीत शिक्षकाने मसुदा तीन वेळा परत पाठवलेला दिसतो, ती वही ज्या महाविद्यालयातून आली, तेथे अध्यापन होते असे निःशंक समजावे.

वहीनंतर वर्ग पाहावा. शक्य असल्यास परवानगी घेऊन एक तास मागच्या बाकावर बसावे. मुलांच्या हातात मूळ कायद्याचे पुस्तक, ज्याला सगळे बेअर अ‍ॅक्ट म्हणतात, ते आहे की प्रश्नोत्तरांचे गाईड? वकिलीची सनद टिकवण्यासाठी द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा आता टिपा नसलेला बेअर अ‍ॅक्ट जवळ ठेवूनच देता येते. पाच वर्षे गाईडवर काढलेल्या मुलाला तेथे ते पुस्तक हातात असूनही उत्तर सापडत नाही. आणखी एक सोपी परीक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. जुनी कलमे, जुने क्रमांक बदलले. शिक्षकांनी आपली टिपणे नव्याने लिहिली, की जुन्या टिपणांवर फक्त नवा क्रमांक टाकला, हे दुसऱ्या वर्षाचा कोणताही विद्यार्थी खाजगीत सांगेल.

पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हेही विचारावे. तासिका तत्त्वावरील शिक्षकांची विद्वत्ता कमी असते असे मुळीच नाही. त्यांच्यातील अनेक जण कमालीच्या निष्ठेने शिकवतात. पण ज्याचा तास संपला की वेतनही संपते, त्याने मुलांचे मसुदे कोणत्या वेळेत तपासावेत? अशीच चौकशी हजेरीविषयी करावी. नियमाने ७० टक्के उपस्थिती आवश्यक आहे. ती वर्गात भरते की केवळ कागदावर, हे महाविद्यालयासमोरच्या चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत कळते. आणि आपल्या मुलांसाठी अखेरचा, पण मोठा प्रश्न भाषेचा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला तेथे इंग्रजी शिकवले जाते, की इंग्रजी येत नाही म्हणून मागे बसवले जाते? संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीतून चालते. तालुक्याच्या न्यायालयात मराठीचा अर्ज चालतो. चांगला शिक्षक दोन्ही भाषांत मुलीचा हात धरतो.

आपल्या शाळेच्या दोन माजी विद्यार्थ्यांचा अनुभव त्यांच्या संमतीने, नावे न देता सांगतो. एक मुलगी मोठ्या नावाच्या विद्यापीठात शिकली. ती म्हणते, "सर, तिथल्या ग्रंथालयाने आणि मैत्रिणींनी मला घडवलं. पण पाच वर्षांत माझा एकही मसुदा कोणी ओळीने तपासला नाही. पहिली नोकरी मात्र त्या नावामुळेच मिळाली." दुसरा मुलगा जिल्ह्याच्या गावातील एका साध्या महाविद्यालयात शिकला. त्या महाविद्यालयाचे नाव सांगितले तर शेजारच्या जिल्ह्यातही कोणी ओळखणार नाही. तेथे एक प्राध्यापिका दर शनिवारी मसुदे लिहून घेत. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५-अ खाली पीडिताला जामिनाच्या सुनावणीची वेळीच सूचना मिळण्याचा आणि न्यायालयासमोर आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. हे कलम २०१५ च्या दुरुस्तीने आले. त्या प्राध्यापिकेने या कलमाखालचा हरकतअर्ज त्याच्याकडून पाच वेळा लिहून घेतला होता. सनद मिळाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी विशेष न्यायालयात एका वस्तीतील कुटुंबाला अशी सूचनाच न देता सुनावणी पुढे चालली आहे, हे त्याच्या लक्षात आले. त्याने तेथेच बसून अर्ज लिहिला आणि कुटुंबाचे म्हणणे ऐकले गेले. पुढे त्या प्रकरणाचे जे व्हायचे ते होईल. पण त्या दिवशी त्या आईला न्यायालयात उभे राहून बोलता आले. आम्हांस विचाराल, तर कायद्याच्या शिक्षणाचा दर्जा या क्षणी मोजला जातो.

या दोन अनुभवांवरून लहान महाविद्यालय चांगले आणि मोठे वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मोठ्या नावाखाली उत्तम शिक्षक असतात आणि अनेक लहान महाविद्यालयांत वर्गच भरत नाहीत, हेही आम्ही पाहिले आहे. म्हणून तर प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे पाहणे भाग आहे.

आता पैशाविषयी. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे वार्षिक शुल्क लाखांच्या घरात आहे. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांत ते त्या मानाने फारच कमी. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. तिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. मात्र व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हे लाभ मिळत नाहीत, ही गोष्ट पालकांनी पैसे भरण्यापूर्वी ध्यानात घ्यावी. मुलाचा ओढा कोणीकडे आहे, तेही आधी विचारावे. ज्याला न्यायाधीश व्हायचे आहे, त्याची निवड लोकसेवा आयोगाच्या परीक्षेने होते आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे. त्या तीन वर्षांत महाविद्यालयाचे नाव नव्हे, मसुदे लिहिण्याचा हात उपयोगी पडतो. केवळ नावासाठी एकर-दोन एकर शेत गहाण टाकण्याचा विचार कोणी करत असेल, तर त्याने आधी गहाणखताचा सराव असलेली ती वही पाहून यावी, असे आम्ही सुचवतो.

रोजच्या वंदनेत आपण धम्माचा एक गुण म्हणतो, एहिपस्सिको. ये आणि स्वतः पाहा. ज्या धम्मात स्वतः पाहण्याचे निमंत्रण आहे, त्याच्या अनुयायांनी मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीत ऐकीव कीर्तीवर का थांबावे?

हे पाहणे एकट्या पालकाला अवघड आहे, हे आम्ही जाणतो. मुंबई, नागपूर, पुणे येथे जाऊन यायचे म्हटले तरी दोन दिवसांची मजुरी बुडते. म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे एक सूचना ठेवतो. आपल्या शाळेच्या कार्यालयात एक नोंदवही ठेवावी. कायद्याचे शिक्षण घेणारा आपला प्रत्येक विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत गावी आला की त्याने तीत एक पान लिहावे: त्या सत्रात किती तास झाले, किती मसुदे तपासून परत मिळाले, कोणते शिक्षक मनापासून शिकवतात, वसतिगृहातून ग्रंथालय किती दूर आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या टेबलावर अडतो. स्तुती नको, निंदाही नको. तारीख आणि आकडे हवेत. आपल्यातील जे वकील झाले आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार शाळेत येऊन ती पाने बारावीच्या मुलांना समजावून सांगावीत. दहा वर्षांनी त्या वहीचे मोल कोणत्याही क्रमवारीपेक्षा अधिक असेल, कारण ती आपल्या मुलांनी आपल्या मुलांसाठी लिहिलेली असेल. पहिले पान लिहिण्यासाठी यंदाच्या दिवाळीत कोण येणार, ते शाळेच्या कार्यालयात कळवावे. वही आम्ही आणून ठेवली आहे.